पायाखालची जाळी

या, जवळ या. दारातच काय उभे राहता? आणि तो फोन जरा पालथा घाला, तो काही रडत नाही. तुम्ही लोक नागपूरपर्यंत येता, लग्न जेवता, संत्र्याची बर्फी बांधून घेता आणि परस्पर निघून जाता. पुढे वरूड नावाचं गाव आहे, तिथे एक बोलकी म्हातारी बसली आहे, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. जाऊ द्या, बोलायचं ते बोलले. आता बसलाच आहात तर मी पौषात अमरावती-अकोल्याला जाऊन आले त्याची हकिकत ऐका. तुम्ही म्हणाल, अमरावती-अकोला हा काय प्रवास झाला? लोक लंडनला जाऊन येतात. येतात ना. पण त्यांच्यापैकी कोणी पायाखाली घालायची वस्तू मशीनमधून छापून निघताना पाहिली का, ते विचारा. मी पाहिली. आणि पाहिल्यावरही माझा विश्वास बसला नाही.

आधी कुसुमचं सांगते, म्हणजे मी कशाला गेले ते कळेल. कुसुम माझी धाकटी बहीण. अकोल्याला दिलेली. नवरा वकील. आता कोर्टात जात नाही, पण सगळे वकीलसाहेबच म्हणतात, मीही म्हणते. कुसुमला शुगर. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, तळव्याला जो उंचवटा असतो ना, तिथे जखम झाली आणि पावसाळाभर भरेना. दिवाळीनंतर कशीबशी भरली. डॉक्टर म्हणाले, वरची कातडी अजून कच्ची आहे. पुन्हा तिथेच उघडली तर अंगठा राहील असं मी सांगू शकत नाही. अनवाणी पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. आणि चपलेत घालायला तुमच्या पायाच्या मापाचा सोल करून घ्या, अमरावतीला एक मुलगी मशीनवर छापून देते.

छापून! पत्रिका छापतात, नोटा छापतात. सोल?

कुसुम एकदा जाऊन पायाचं माप देऊन आली. मग तिचा फोन. "ताई, सोल तयार होऊन राहिला. येताना तूच घेऊन ये. नीट पाह्यजो. तुले पटला तरच मी पायात घालतो."

आमच्याकडे बायका "घालतो", "येतो" असंच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.

तर अशी जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. बहिणीचा अंगठा, आणि पास-नापास करणार मी.

वरूडहून निघाले

एका हातात संत्र्यांची थैली, दुसऱ्या हातात कापसाची. माझ्या परसात देवकापसाचं झाड आहे. त्याची सरकी बोटानं सुटते आणि धागा लांब निघतो, म्हणून देवाच्या वातींना तोच. दरवर्षी एक थैली कुसुमकडे जाते. कुसुम आता फार वेळ बसू शकत नाही, तरी तिच्या देवापुढची वात चुकलेली मी पाहिली नाही. कोण वळतं, ते पुढे येईल.

मोर्शीला बस थांबली तेव्हा एक जाडजूड गृहस्थ चढले आणि सरळ माझ्या कापसावर बसले.

"अहो दादा, देवाचा कापूस हाय तो!"

"म्हणून तं बसलो ना मावशी. बसाले मऊ लागून राह्यलं, वाटलं यष्टीनं गाद्या बदलल्या!"

सगळी बस हसली. मी हसले नाही. थैलीचं तोंड उघडून आधी कापूस बघितला. मला अशी सवयच आहे. भाजीवाल्यानं वांगं दिलं की मी देठ बघते, आणि जावयानं साडी दिली की उलटी बाजू.

अमरावती

उतरल्यावर आधी गिला वडा खाल्ला. अमरावतीला जाऊन गिला वडा न खाणं म्हणजे देवळात जाऊन पाठ फिरवणं. दह्याखाली वडा ताजा आहे की कालचा, याचीही शंका आली, पण चटणी तिखट होती, शंका तिच्यात बुडून गेली.

त्या मुलीचं दुकान एका फ्लेक्सवाल्याच्या वर, जिना चढून. मला वाटलं होतं, खडाडखुडूम कारखाना असेल. तर आत शिवणक्लाससारखी शांतता. टेबलावर काचेच्या पेट्या. मुलगी भातकुलीची, शेतकऱ्याची, नाव पल्लवी. केस वर बांधलेले, पायात कापडी बूट. माझ्या पाया पडली. पाया पडणाऱ्या दुकानदाराकडे मी दुप्पट लक्ष ठेवते.

"मावशी, बरोब्बर वेळेवर आल्या. तुमच्या बहिणीचा सोल आताच होऊन राहिला. पाहा."

मी काचेला नाक लावलं. रिळावर दोऱ्यासारखी रबराची तार. ती वर एका तोंडात जाते, तिथे तापते, आणि खाली सुईएवढ्या भोकातून बारीक धार पडते. ते तोंड इकडून तिकडे, तिकडून इकडे नागमोडी फिरतं, थर टाकतं. थरावर थर. मला उन्हाळ्यातली आमची गच्ची आठवली. गव्हाचा चीक शिजवायचा, सोऱ्यात भरायचा आणि धोतरावर कुरडई घालायची. तसंच हे. फक्त आमची कुरडई एका मजल्याची, हिची चढतच होती.

"यात तू काय करतेस?" मी विचारलं. "मशीनच करून राहिली सगळं."

"सोऱ्या कुरडई घालते का मावशी, का हात घालते?" पोरगी हसली. मग तिनं कुसुमच्या पायाचं चित्र दाखवलं. कुसुम ज्या पाटीवर उभी राहिली होती तिनं कुठे किती भार पडतो ते रंगात उतरवलं होतं. टाच हिरवी, कड निळी आणि अंगठ्याखाली लालभडक, जसा निखारा.

"हा लाल भाग थंड करायचा हाय. म्हणून तिथं जाळी अशी ठेवली, का भिंती पातळ अन् खोल्या मोठ्या. पाय पडला का ती दबते, अन् भार आजूबाजूले जाते. आजूबाजूले भिंती जाड, तिथं पाय टेकते."

"म्हणजे जिथं दुखणं, तिथंच पोकळ?"

"हाव. पोकळीच औषध हाय."

पोकळीचं औषध मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, भरीव काहून नाही करत? तिनं माझ्या तळहातावर तीन ठोकळे ठेवले. तिन्ही जाळीचे, तिन्ही सारखेच मोठे. पहिला दाबला तर पावासारखा बसला. दुसरा खोडरबरासारखा. तिसऱ्याला अंगठ्याचा जोर लावला तरी हालेना.

"तिघाईत तार एकच. फक्त भोकं वेगळी."

"तार बदलली असशील."

"नाई हो मावशी!"

"मग दाखव."

तिनं दुसऱ्या पेटीत एकाच रिळाची तार घालून दोन ठोकळे लावले. मी स्टूल ओढून समोर बसले, मांजरीसारखी. मध्येच तार तडतडली आणि ठोकळ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे केस उभे राहिले. मी लगेच म्हटलं, बघ! तिनं सांगितलं की तारेनं हवेतलं पाणी धरलं, ती सादळली. सादळलेला पापड तळताना फुलत नाही, तशी ही नीट बसत नाही. मग रीळ गरम पेटीत वाळवायला ठेवलं आणि ठोकळे पुन्हा लावले. एक मऊ निघाला, एक कडक. मी वास घेतला, दोघांचा सारखाच. चूक सापडेना, त्याचाही राग आला.

तिनं दुसऱ्या तऱ्हाही दाखवल्या. एका मशीनमध्ये काकवीसारखा घट्ट रस होता. खालून उजेड पडतो तिथे तो गोठतो, आणि वस्तू उलटी लटकत वर येते, वटवाघळासारखी. कपाटात एक पांढरी जाळी होती, बाहेरून करून आणलेली. रांगोळीसारखी पूड पसरायची, हवी तिथे भाजून चिकटवायची आणि उरलेली झटकून टाकायची. "म्हणून भोकं एकमेकाले लागून ठेवा लागते," ती म्हणाली, "बंद खोलीतली पूड बाहेर कशी येईन?" आणि एक धातूचा तुकडा, हाडाच्या जागी बसवतात तसा. जाळीतून आपलं हाड उगवून आत शिरतं म्हणे. मी तो हातात घेतला आणि पटकन खाली ठेवला. हाडाची चेष्टा नको.

कुसुमचा सोल निघाला. मी तो खिडकीशी धरला. चाळणीतून यावा तसा उजेड आरपार आला, अंगठ्याखाली तर खिडकीचे गजही दिसले. वरून घालायचा मऊ कापडी थर वेगळा होता, सुटा. सगळं पिशवीत घातलं. पल्लवी जिन्यापर्यंत आली.

"काही वाटलं तं फोन करजा, मावशी."

"फोन नाही करणार. मीच येईन," मी म्हटलं. धमकीच होती ती.

अकोला

मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना तूर उभी होती, शेंगांनी वाकलेली. अकोल्याला उन्हाळ्यात गेलात तर रस्ता तव्यासारखा तापतो, पण पौषात अकोला गुणी असतं. कुसुमनं वांग्याचं भरीत केलं होतं, वर सांबार भुरभुरलेला (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीबरोबरचं ते नव्हे) आणि कळण्याची भाकर. ती घरात चप्पल घालून फिरत होती. आमच्या आईनं हे पाहिलं असतं तर चप्पल नाही, कुसुम दाराबाहेर गेली असती.

जेवण झालं. सोल मधोमध ठेवला. कुसुम माझ्याकडे बघत होती. वकीलसाहेब खुर्चीत, पेपराच्या मागे.

"पटला का ताई?"

आता मी काय सांगावं? "पोरगी चांगली हाय," मी म्हटलं. "वस्तूचं मी सांगत नाही. हे पाह्य, जिथं तुह्यी जखम होती तिथंच सगळ्यांत पोकळ. बोट आत जाते. घराच्या पायाखाली कोणी पोकळ ठेवते का?"

पेपराच्या मागून आवाज आला, "हं."

"मंग घालू का नको?"

"घाल. पण मी इथंच हाय. रोज पाय पाहीन."

पहिल्या संध्याकाळी मी आरसा घेऊन तिचा तळवा बघितला. स्वच्छ. दुपारी मी आणि कुसुम तुरीच्या शेंगा सोलत गप्पा मारायचो, आणि वकीलसाहेब खुर्चीत बसून माझ्या देवकापसाच्या वाती वळायचे. हो, तेच वळतात. कुसुमचा पाय बिघडल्यापासून. ज्या माणसानं आयुष्यात कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो मांडीवर पंचा पसरून, चष्मा नाकावर ओढून फुलवाती वळतो. कोणी पाहिलं की पेपर वर करतो. मी पाहिलं की नाही पाहिलं, असंच ठेवते.

दुसऱ्या संध्याकाळी मला तळवा जरा गुलाबी वाटला. म्हटलं, दिव्याचा रंग असेल. तिसऱ्या संध्याकाळी मी आरसा खाली ठेवला. अंगठ्याखाली, बरोबर जुन्या जागी, लाल वर्तुळ होतं. हात लावला तर गरम.

"दुखते का?"

"नाही वो."

तिला दुखत नाही, तेच तर खरं दुखणं. त्या पायाला निखाराही कळणार नाही.

डॉक्टरांनी पाहिलं. म्हणाले, कातडी अजून फुटलेली नाही, वेळेवर आलात. पाय वर ठेवा, चालणं बंद. आणि तो सोल घालू नका, तो का लागतोय ते विचारून या. वकीलसाहेब दवाखान्यातून घरी येईपर्यंत खाली मान घालून होते. मी मात्र बोलत होते. मी म्हटलं होतं! पोकळ! औषध म्हणे! पाया पडते आणि गळा कापते! कुसुम पलंगावर पाय उशीवर ठेवून पडली होती, भिंतीकडे तोंड करून. ती एवढंच म्हणाली, "ताई, अंगठा गेला तं मी वरूडले कशी येऊ?" मी सोल पिशवीत कोंबला आणि स्टँडवर गेले.

पुन्हा अमरावती

गिला वडा खाल्ला नाही. यावरून समजा.

जिना चढले आणि सोल टेबलावर आपटला. "घे तुझं औषध. माझ्या बहिणीचा पाय लाल झाला."

पोरीचा चेहरा उतरला. ती भांडली नाही, हे मला अजून संशयास्पद वाटलं. तिनं कापडी थर बाजूला केला, सोल बोटांनी चाचपला, अंगठ्याच्या जागी दाबला. पुन्हा दाबला. "हे दबून नाही राहिलं," ती पुटपुटली. मग मी ज्या खिडकीत धरला होता त्याच खिडकीत धरला.

टाचेतून उजेड आला. कडेतून आला. अंगठ्याखाली अंधार.

"मावशी, इथं काहीतरी हाय."

तिनं बारीक चिमटा घेतला आणि एका खोलीतून काहीतरी ओढलं. पांढरं. ओढतच राहिली, ते लांब लांब येतच राहिलं. मग दुसऱ्या खोलीतून. तिसऱ्या. टेबलावर छोटासा ढीग झाला.

"कापूस!" ती म्हणाली. "ठासून भरला हाय. पाहा, एवढा घट्ट का गोटीच झाली. जिथं दबाले पाह्यजे, तिथंच दगड झाला."

मी तो चिमटीत घेतला. लांब धागा. किंचित पिवळसर. सरकी बोटानं सुटलेली. या कापसाला मी अंधारातही ओळखेन. माझ्या परसातला होता तो.

मी स्टूल ओढून बसले. पल्लवीनं पाणी दिलं. मला वाटलं आता ही सुनावेल मला. तर ती कपाळावर हात मारून हसायला लागली.

"चूक माहीच हाय मावशी. यात काही भरू नका, असं सांगायचं डोक्यातच नाही आलं. आपल्या वऱ्हाडात काही पोकळ दिसलं का माणूस कापूसच भरते ना! माह्या मायनं बी हेच केलं असतं."

आतले तंतू पुरते निघेनात, म्हणून तिनं नवा सोल लावला. या वेळी खालची आणि वरची बाजू पातळ पापुद्र्यानं बंद, हवेला फक्त कडेनं वाट. "आता सुईबी जाणार नाही," ती म्हणाली. सकाळपर्यंत लागणार होता, म्हणून मला तिच्या गाडीवर मागे बसवून भातकुलीला घेऊन गेली. कितीतरी वर्षांनी मी दुचाकीवर बसले. डाव्या हातानं पदर, उजव्या हातानं पोरीचा खांदा. तिच्या आईनं शेताच्या बांधावर हुरडा भाजला, लसणाची चटणी दिली. तिथलं पाणी खारं. आमच्या वरूडचं गोड. मी चटकन म्हणून गेले, कसं पिता हो असं पाणी? तिची आई म्हणाली, "बाई, याच पाण्यावर पोरगी वाढली. तुमी तिच्यावर शक करून राहिल्या, पाण्यावर करा बरं आता!" म्हणजे पल्लवीनं घरी सगळं सांगितलं होतं तर. मी हुरडा तोंडात भरला, बोलायला जागा ठेवली नाही.

अकोला, वातींच्या वेळी

मी पोचले तेव्हा दुपार होती. कुसुम पलंगावर. वकीलसाहेब खुर्चीत, मांडीवर पंचा, पंच्यावर कापूस. मला पाहून पेपराकडे हात गेला. मी पेपर आधीच उचलला आणि त्यावर कापसाचा तो ढीग ठेवला.

"वकीलसाहेब, मुद्देमाल ओळखता का?"

ते बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सोलमध्ये होता," मी म्हटलं. "अंगठ्याखाली. दगडासारखा."

"विणायच्या सुईनं भरला," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की कोर्टात कोणाला ऐकू आला नसता. "ती झोपली होती दुपारची. मला वाटलं, मऊ होईल."

"अन् आमाले सांगितलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हीच म्हणाला होता. घराच्या पायाखाली कोणी पोकळ ठेवतं का. मी रात्रभर तेच डोक्यात घेऊन पडलो होतो."

आता बोला. उलटतपासणी मी करत होते आणि साक्ष माझ्यावरच निघाली. संशय माझा, कापूस माझा, हात तेवढा त्यांचा.

पलंगावरून कुसुमचा आवाज आला. लहानपणापासून मी तिला मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"पाय कोणाचा हाय?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"मी इचारून राहिली, पाय कोणाचा हाय? ताई म्हणते पोकळ हाय, हे म्हणतात मऊ करतो. त्या पोरीनं माह्या पायाचा नकाशा काढला, मले समोर बसवून समजावलं. मले समजलं होतं! माह्यंच चुकलं, का मी म्हटलं ताई पास करीन तं घालीन. आण इकडं."

मी नवा सोल तिच्या हातात दिला. तिनं स्वतः खिडकीशी धरला, बोटानं दाबला, अंगठ्याखाली दबला तशी मान हलवली. "लाली गेली का डॉक्टरले दाखवीन, अन् मीच घालीन," म्हणाली. वकीलसाहेबांना म्हणाली, "तुमी वाती वळा. त्या चांगल्या जमतात तुमाले." म्हातारा लाजला हो! मी पाहिलं. या वेळी पाहिलं असंच ठेवलं.

लाली उतरेपर्यंत मी अकोल्यातच राहिले. डॉक्टरांनी होकार दिल्यावर कुसुम ओसरीतून फाटकापर्यंत गेली आणि आली. संध्याकाळी आरसा मी धरला, पाहिलं तिनं. स्वच्छ. दुसऱ्या दिवशी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी ती आरसा माझ्या हातातून घेऊन म्हणाली, "जा आता तुह्या संत्र्याकडं, माकडं खाऊन टाकतीन."

माझा संशय पुरता गेला का? छे. तो माझ्याबरोबरच जाईल. तो पापुद्रा किती दिवस टिकतो ते मी बघणारच आहे. पण आता मी आधी विचारते, मग बघते, आणि बोलते सगळ्यांत शेवटी. निदान तसं ठरवलं आहे.

मृगाच्या बहाराची संत्री झाडावर पिवळी होत आहेत. कुसुम येतो म्हणाली आहे, पायानं चालत, बागेच्या टोकापर्यंत. वकीलसाहेबही येतील, वातींचा कापूस या वेळी स्वतः वेचायला. तुम्हीही या ना त्याच सुमारास. भातकुलीच्या त्या पोरीलाही बोलावलं आहे, गोड पाणी प्यायला. तुमच्या चपला मात्र दारातच काढा, आमच्या घरी चप्पल आत येत नाही. आत फक्त कुसुमची जोडी येईल, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. लवकर या, फळं झाडावर फार दिवस थांबत नाहीत.